लेकीच्या हातातला माईक

हळदीतून आत्ताच घरी आले, राहवत नाही म्हणून इथे ग्रुपवरच लिहिते.

चौदाव्या वर्षी गायलेलं माझं आगरी गाणं तेव्हा पनवेलच्या प्रत्येक हळदीत वाजायचं. आज संध्याकाळी सुकापूरच्या हळदीत तेच गात होते. मधेच नवरदेवाचा काका ओरडला, "तुजा आवाज आता जाड झालाय, पोरीला दे माईक!"

माझ्या बारा वर्षांच्या लेकीने स्टेजवर चढून माईक घेतलासुद्धा. खाली शिट्ट्या सुरू झाल्या, शूटिंगसाठी मोबाईल उंचावले गेले.

मी माईक हिसकावला आणि तिला घेऊन निघाले.

रिक्षात ती रडत म्हणाली, "तुला तर कोणी अडवलं नव्हतं!"

नव्हतंच अडवलं. रात्र-रात्र हळदीत गाऊन माझी शाळा कायमची सुटली तेव्हाही नाही.

तुमच्यातले कितीतरी जण नाचलेत त्या गाण्यावर. चौदा वर्षांची ही पोरगी उद्या शाळेत कशी जाणार, असं तेव्हा एकाला तरी वाटलं होतं का?