पिवळ्या खड्यांतला काळा

प्रयोगशाळेत तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे तिला खडेबाई म्हणत. शस्त्रक्रियेत काढलेल्या पित्ताशयातले खडे बाटलीतून तिच्या टेबलावर यायचे. ती ते धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची, वजन करायची आणि खलात कुटून पूड करायची. त्या पुडीत कोलेस्टेरॉल किती, पित्तातला रंग किती, चुना किती, हे तपासून तक्त्यात भरायची. बावीस वर्षं हेच काम. "दुसऱ्यांच्या बायका खड्याची अंगठी मागतात," नवरा पाहुण्यांना सांगायचा. "आमच्या हिच्याकडे खड्यांना तोटा नाही, फक्त कुठून आले ते विचारू नका."

एवढ्या वर्षांत तिने स्वतःपुरता एक नियम बसवला होता. एका पित्ताशयातले खडे म्हणजे एका आईची लेकरं, सगळ्यांचा तोंडवळा एकच. पिवळे तर सगळे पिवळे, काळे तर सगळे काळे.

म्हणून त्या मंगळवारी ओव्हन उघडल्यावर ती जागीच थबकली. ताटलीत शेजारी शेजारी दोन कागद होते. डावीकडे एका शिंपिणीचे खडे, उजवीकडे एका पोस्टमनचे. पोस्टमनचे सगळे काळेभोर. शिंपिणीचे सहा पिवळे, आणि त्यांच्यात एक काळा.

"हा कुठून आला?" ती मोठ्यानेच म्हणाली.

आदल्या दिवशी ताटली आत सरकवताना सुनेचा फोन आला होता, डब्यांची झाकणं कुठे ठेवलीत म्हणून. तेव्हा ताटली कलंडली होती का? की ती शुक्रवारची गोष्ट? आठवावं तितकं जास्तच गढूळ होत गेलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या, तर सर्जनने दोन्हींवर नुसतं 'अनेक खडे' असं लिहिलेलं. तिनेही मोजले नव्हते. ती नेहमी वाळल्यावरच मोजायची.

एरवी एका खड्याने आभाळ कोसळलं नसतं. पण शिंपीण कालच येऊन गेली होती. तिशीची, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकलेली.

"बाई, माझे खडे कसले निघाले हो?"

"अजून वाळतायत. घाई काय आहे? ब्लाउजला बटणं म्हणून लावायचेत का?"

शिंपीण हसली, मग फितीशी चाळा करत म्हणाली, "माझ्या भावाचं रक्त आतल्या आत फुटतं. दर दोन महिन्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. त्याचे खडे काळे होते. माझे तसले नसले म्हणजे झालं."

रक्तातल्या तांबड्या पेशी अशा फुटत राहिल्या की काळे खडे धरतात, हे खडेबाईला तोंडपाठ होतं. म्हणजे हा काळा खडा पोस्टमनचा असेल तर शिंपीण सुटली, आणि तिचाच असेल तर? उगाच तिचा असल्याचं लिहिलं तर पोरगी धास्तीने अर्धी होईल. पोस्टमनच्या कागदावर ढकलून दिला तर कोणाला कळणारही नाही. तिने चिमट्यात खडा उचललाही. मग परत ठेवला, नोंदवहीत 'बहुधा माझ्या हातून मिसळला' असं लिहिलं आणि वही घेऊन सरांच्या खोलीत गेली.

सर पित्तखडे कसे बनतात यावर अभ्यास करत होते. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

"बहुधा म्हणजे?"

"सर, मला खरंच सांगता येत नाही. पण एका पित्ताशयात दोन जातीचे खडे मी कधी पाहिले नाहीत."

"तुम्ही आतून कधी पाहिलेत?"

तिला प्रश्नच कळला नाही. "आतून म्हणजे? मी कुटते ना."

सर उठले. बारीक पात्याच्या करवतीने त्यांनी पिवळ्यांतले तीन खडे मधोमध कापले. खडेबाईने भिंग डोळ्याला लावलं. पिवळ्या वलयावर पिवळं वलय, आणि तिन्हींच्या मधोमध एक काळा दाणा.

"आधी काळा दाणा धरला, मग त्यावर पिवळे थर चढले," सर म्हणाले. "हा एक तसाच उघडा राहिला असणार. तुमच्या हातून काही मिसळलेलं दिसत नाही, बाई."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बावीस वर्षं कुटलेल्या पुडीत असे किती दाणे हरवले असतील, हे कोडं एकीकडे, आणि दुसरीकडे ती शिंपीण. आपली चूक नाही याचा अर्थ काळा खडा त्या पोरीचाच. 'माझ्या हातून मिसळला' ही ओळ खरी निघाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं, आणि असं वाटावं याचंही नवल वाटलं.

"म्हणजे भावाचाच आजार?" तिने विचारलं.

"तसंच काही नाही. काळा दाणा इतरांच्याही खड्यांत असतो. पण भावाला आहे म्हटल्यावर रक्त पाहायलाच हवं."

शिंपीण दुपारी आली. खडेबाईने तिला बाकावर बसवलं, खडे आधी मोजलेच नव्हते हेही सांगितलं आणि कापलेल्या खड्यातला काळा दाणा भिंगाखाली दाखवला.

"म्हणजे आहे की नाही?"

"माहीत नाही गं. रक्त तपासल्यावरच कळेल."

"बावीस वर्षं करताय ना हे?"

"हो. आज पहिल्यांदा आत पाहिलं."

शिंपिणीने तिच्याकडे रोखून पाहिलं. रागावली की काय, ते खडेबाईला कळेना. मग शिंपिणीने स्वतःच बाही वर सारली. खडेबाईने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उचलली आणि नुसतीच धरून राहिली.

"टोचा हो," शिंपीण म्हणाली. "सुईला मी भिते होय? आणि मोजून घ्या, किती बाटल्या भरल्या ते."

"दोन," खडेबाई म्हणाली आणि तिने सुई घातली.