मावळणारा ध्रुव

पेटीतलं घोंगडं उन्हात टाकलं, की अजून मेंढरांचा वास येतो आणि मला माझं लग्न आठवतं. निजामाचं राज्य जाऊन चारेक वर्षं झाली असतील. पाचोडजवळ सासरच्या वस्तीवर याच घोंगड्यावर आम्हाला बसवलं होतं. अंधार पडल्यावर भटजींनी आम्हाला मांडवाबाहेर नेलं, मावळतीकडं बोट केलं आणि म्हणाले, "ध्रुव बघ आणि 'दिसला' म्हण." नवरीनं तेवढंच म्हणायचं असतं. पण मी वडिलांबरोबर मेंढरं हाकलेली. बाजाराला जाताना ध्रुव पाठीवर ठेवायचा, परत येताना कपाळावर, हे मला पाठ होतं. मी म्हणाले, "ही शुक्राची चांदणी हाय. पंगत उठायच्या आत बुडंल." भर लग्नात असा अपशकुन बोलले, आता हे लोक लग्न मोडतात, म्हणून आईनं डोळ्यांना पदर लावला. सासू म्हणाली, "सून आणली का पंचांग?" सासरे मात्र उत्तरेला वळून बघत राहिले. "भटजी, पोरगी खरं बोलती. त्यो तिकडं हाय, लिंबाच्या शेंड्याला. लई बारीक हाय." मग मी 'दिसला' म्हणाले. खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून आठ दिवसांत त्यांनी कळप माझ्या हाती दिला, तो चाळीस वर्षं सुटला नाही. परवा नातीचं लग्न शहरात क्रांती चौकाजवळच्या मंगल कार्यालयात भर दुपारी लागलं. गुरुजींनी ध्रुव म्हणून छताच्या पंख्याकडं बोट केलं. नात म्हणाली, "दिसला." मीही मान डोलावली. पंखा निदान मावळणार तरी नव्हता.