हुकावर फोडलेला नारळ

ये गं, अशी जवळ ये. तो लॅपटॉप मीट आधी आणि खुर्ची इकडे ओढ. मी इथे अमेरिकेत नोव्हायला, तू चार राज्यं पलीकडे कॅरीला, म्हणून काय झालं? वाचताना तरी मावशीच्या शेजारी बसल्यासारखी बस. आणि आधी जरा कान पुढे कर, उपटायचाय. "मावशींना रेसट्रॅकवरून हाकललं" असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं, आणि तू रडका चेहरा चिकटवून मोकळी! एक फोन करावासा नाही वाटला? लहानपणी तुझ्या उवा काढल्यात मी तासन्‌तास, आणि तू मला एक इमोजी पाठवतेस?

मला कुणी हाकललं नाही. झालं ते असं झालं.

ती लाल गाडी आठवते ना? मुलगा शिकायला आला तेव्हा त्यानं घेतलेली, जुनी जपानी, दोन दारांची, हातानं गिअर टाकायची. तेव्हा लाल होती, आता जुन्या लोणच्याच्या रंगाची झालीय. मुलानं नवी गाडी घेतली आणि ही काढायला निघाला, तर सून आडवी आली. म्हणाली, ही मला ट्रॅकवर पळवायचीय.

सून माझी गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचं काम बघते, हे तुला माहीत आहे. दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक बघून पोट भरत नाही बाईचं. इथे हौशी लोक असतात गं, शनिवार-रविवारी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन ट्रॅकवर जातात, गोल गोल पळवतात, आणि सोमवारी शहाण्यासारखे ऑफिसला जातात. बक्षीस नाही, काही नाही. आपल्या भजनी मंडळासारखंच, फक्त आवाज जास्त.

मुलाचा विरोध रेसला नव्हता, गॅरेजला होता. गॅरेजात लाल गाडी चार ठोकळ्यांवर चढून बसलेली, आणि याची नवी गाडी बाहेर बर्फात. रोज सकाळी टोपी घालून काच खरवडायचा आणि खिडकीकडे असा बघायचा, जसं काही आम्ही दोघींनीच बर्फ पाडला. त्यात मागच्या वर्षी गाडी तपासणीतच नापास झाली. ट्रॅकवर सोडण्याआधी एक माणूस गाडी वरून खालून बघतो, त्यानं बॅटरी धरून हलवली, ती हलली, चला घरी. येताना सून रस्ताभर तोंड पाडून. मी चकल्यांचा डबा पुढे केला तर तोही घेतला नाही, यावरून समज.

मग मुलानं जाहीर केलं, "यंदा पास झाली नाही तर गाडी विकायची. गॅरेज माझं."

"डन," सून म्हणाली. दोघांनी चक्क हात मिळवले. नवरा-बायको गं! मी मध्ये पोळ्या लाटत होते.

तेव्हापासून मी सुनेच्या बाजूनं. मुलगा माझा, मान्य आहे, पण गॅरेजात मजा होती.

आधी गाडी हलकी करायची. मागची सीट काढली, ती बेसमेंटात सोफा म्हणून ठेवली. पाहुणे बसले की सवयीनं पट्टा शोधतात. मग गालिचा, हीटर, दारांचे आतले पुठ्ठे. तळाला आवाज येऊ नये म्हणून डांबरासारखा थर चिकटवलेला असतो, तोही काढायचा. त्यावर तो धुराचा बर्फ, ड्राय आइस म्हणतात तो, ठेवायचा, थर कडक झाला की ठोकायचं. सून हातोडीनं ठोकत होती, तुकडे उडत होते सगळीकडे. मी म्हटलं, "सर बाजूला. चिक्की कधी काढलीयस ताटातून?" घरातून माझं लोखंडी उलथणं आणलं, एका कडेनं घातलं आणि अशी अलगद लादी उचलली की सून "वॉव आई" म्हणत खालीच बसली. ते उलथणं आता तिच्या पान्यांच्या पेटीत असतं. मला परत मिळालेलं नाही.

मग एक दिवस वजन करायचं निघालं. चारही चाकांखाली चार काटे ठेवून कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघतात, आणि स्प्रिंग वरखाली करून जुळवतात. त्याला चालवणाऱ्याचं वजन सीटवर लागतं. आता सून सीटवर बसली तर खाली स्प्रिंग कोण फिरवणार? म्हणून मी बसले. आणि सून माझ्यापेक्षा भारी पडते, मी आपली काडी, म्हणून मांडीवर बासमतीची पिशवी. ती रेसची सीट म्हणजे खोल परात गं, बाई आत गेली की गेली. वर पाच पट्टे. एक पट्टा कुठून येतो ते मी लिहिणार नाही.

तेवढ्यात मुलगा आला.

"आई, तू गाडीत तांदूळ घेऊन का बसलीयस?"

"मी वजन आहे," मी म्हटलं. "बोलू नकोस, काटा हलतो."

तो आत गेला आणि नंतर बराच वेळ कुणाशी तरी फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. तुझ्या आईशीच असणार.

थंडी सरल्यावर सुनेनं इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरलं. का, तर कूलंट ट्रॅकवर सांडलं की तुपासारखं निसरडं होतं, मागच्या गाड्या घसरतात. म्हणून ट्रॅकवाल्यांनी त्याला बंदीच घातलीय. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर तो दिवस उजाडला. भाड्याच्या ट्रेलरवर लाल गाडी, पुढे मुलाची गाडी. मुलगा "मी फक्त ड्रायव्हर" असं म्हणत आलेला, पण खिशात गॅरेज मोजायची टेप. मी बघितली. मी डबे घेतले, कुंकू, फुलं, नारळ घेतला. नवं वाहन नसलं तरी एवढी आतून बाहेरून बदललेली गाडी, तिची पूजा नको? बॉनेटवर स्वस्तिक काढणार होते, तर सून म्हणाली, "आई, ते इथे नको, लोकांचा भलताच समज होतो." मग श्री काढला. सून हेल्मेट दाखवायला पलीकडे गेली, मुलगा कॉफी आणायला. राहिले मी, गाडी आणि नारळ.

नारळ फोडायचा कशावर? सगळीकडे गुळगुळीत डांबर. एक दगड नाही गं त्या अमेरिकन ट्रॅकवर! मग दिसला हुक. बंद पडली तर ओढून न्यायला सुनेनं गाडीच्या नाकावर जाड लोखंडी हुक बसवला होता, लाल रंगाचा. घातला त्यावर नारळ. एका फटक्यात दोन सरळ वाट्या! इतका सुंदर नारळ मी आयुष्यात फोडला नाही. पाणी बंपरच्या जाळीतून आत गेलं, मी नमस्कार केला, वाट्या पिशवीत टाकल्या. संध्याकाळी चटणी.

आणि आला तो तपासणारा. उंच, धिप्पाड, पांढरी झुबकेदार दाढी, हातात कागदी कपात कॉफी. तोवर सून आणि मुलगाही आले. त्यानं चाकं हलवली. ब्रेक दाबला. बॅटरी धरून गदागदा हलवली, तसूभर सरकली नाही. सुनेचा चेहरा असा उजळला! मग तो खाली वाकला आणि तसाच थांबला.

गाडीच्या नाकाखाली थेंब. टप. टप. बरोबर रेडिएटरच्या खाली.

त्यानं बोट लावलं, चोळलं, नाकाशी नेलं. "चिकट आहे," तो म्हणाला, "आणि गोड वास येतोय. तुम्ही कूलंट काढलेलं नाही."

"मी काढलंय!" सून म्हणाली. "स्वतः काढलंय!" आणि तिचा आवाज चिरकला. मुलगा टेपकडे नाही, बायकोकडे बघत होता, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं.

मला उमगायला जरा वेळ लागला. सगळा हिवाळा राबलेली पोर, आणि माझ्या नारळानं नापास होणार? मी मध्ये घुसले. "नो कूलंट! कोकोनट!"

"मॅम?"

"कोकोनट वॉटर. आय ब्रेक. ऑन हुक." पिशवीतून दोन्ही वाट्या काढून त्याच्या नाकाशी धरल्या. "हुक व्हेरी गुड. व्हेरी स्ट्राँग."

तो एकदा वाट्यांकडे, एकदा हुकाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही रेसच्या गाडीवर नारळ फोडलात?"

"आई!" सून आणि मुलगा एका सुरात. लग्नानंतर पहिल्यांदाच एका सुरात.

माणूस चांगला होता, पण नियम म्हणजे नियम. म्हणाला, नाक धुवा, पुसा, इंजिन तापवा, खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. एक जरी थेंब पडला तर घरी.

मुलगाच आडवा झाला गं गाडीखाली! गॅरेजवाला! आपला नवा स्वेटर काढून त्यानं जाळी पुसली. मग इंजिन घुरघुरायला लागलं आणि आम्ही चौघं पुठ्ठ्याभोवती उकिडवे बसलो, जसं काही मांजर विणार आहे. आजूबाजूचे लोकही जमले. सुनेनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. काही नाही. काही नाही. अजून काही नाही.

आणि पुठ्ठ्यावर थेंब पडला. टप.

सुनेनं डोळे मिटले. दाढीवाला वाकला. मीही वाकले, मोतीबिंदू काढल्यापासून मला लख्ख दिसतं. थेंब काळा. वर बघते तर त्याच्या हातातला कागदी कप तिरका झालेला.

"युवर लीक," मी म्हटलं. "नॉट अवर लीक."

तो असा हसला की उरलेली कॉफीही सांडली. पास! काचेवर स्टिकर त्यानं स्वतः चिकटवला. मी त्याला खोबऱ्याचा तुकडा आणि साखर दिली, त्यानं आणखी एक मागितला. मग चटणी कसली होतेय! पुढे चालकांची बैठक झाली, तिथे लाउडस्पीकरवर सांगितलं की कृपया गाड्यांवर फळं फोडू नयेत. ग्रुपवर गेली ती एवढीच बातमी, आणि तिचं तुम्ही लोकांनी हे केलंत!

सून पळाली, छान पळाली. प्रत्येक फेरीला खिडकीतून हात काढून मला टाटा करत होती, मीही उभी राहून पदर हलवत होते. मुलगा म्हणाला, "आई, ती टाटा करत नाहीये. मागच्यांना पुढे जा म्हणतेय." असू दे. वळण चांगलं आहे म्हणायचं. शेवटून दुसरी आली, आणि ओरडून ओरडून मुलाचा घसा बसला.

येताना त्यानं वाटेत थांबून लांब दांड्याचं बर्फ खरवडायचं खोरं विकत घेतलं. म्हणजे गॅरेज गेलं ते गेलं. टेप आता सुनेच्या पेटीत, माझ्या उलथण्याशेजारी.

तर बाई, बर्फ पडायच्या आत ये, कारण तुझी गाडी बाहेरच उभी राहणार आहे. बेसमेंटात मागच्या सीटवर तुझं अंथरूण घालते, छान झोप लागते, फक्त पाय दुमडून. येताना दोन चांगले नारळ आण, इथले नासके निघतात. आणि नव्या स्प्रिंग आल्यात, पुन्हा वजन करायचंय. तुझा फोटो बघितला मी परवा, तुला तांदळाची पिशवी लागणार नाही. लवकर ये गं.