बेचाळीस डेसिबलची सोसायटी

ज्योतीराम गपाट याला नावं ठेवण्याचा पगार मिळत असे. वाळूजच्या एका कारखान्यात तो बारा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होता. दुसऱ्यांनी आठ तास घाम गाळून काढलेला माल हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा आणि तोंड वाकडं करून त्यावर लाल स्टिकर डकवायचं, हे त्याचं काम. कामात तो चोख होता, त्याबद्दल वाद नाही. पण सुट्टी झाल्यावर ती स्टिकरं कारखान्यातच ठेवून यावीत, एवढी अक्कल देवानं त्याला दिली नव्हती. सासुरवाडीचा आमरस पातळ, मेव्हण्याची नोकरी हलकी, शेजाऱ्याची मोटारसायकल सेकंडहँड. या माणसाच्या नजरेत पास झालेली वस्तू जगात एकच होती आणि ती तो रोज सकाळी दाढी करताना आरशात बघायचा.

एप्रिलात कंपनीनं त्याची बदली चाकणच्या प्लांटला केली. शाळा उघडायच्या आत घर शोधायचं होतं. बायको दिपाली वाळूज सोडायला सहज तयार नव्हती. तिथल्या बैठ्या घरांच्या गल्लीत त्यांची तनुजा आठ वर्षांची झाली होती आणि गल्लीतल्या कुठल्याही घरात जेवून कुठल्याही घरात झोपत होती. पोरीचा आवाज असा की चार घरं पलीकडून हाक मारली तरी ती ऐकायला दिपालीला फोडणीखालचा गॅस बंद करायची गरज पडत नसे.

“मला टाइल्स कसल्या अन् लिफ्ट हाय का न्हाई, ते काही सांगू नका,” दिपाली निघताना म्हणाली. “शेजार बघा. तुमी दिवसदिवस कंपनीत असणार. पोरीला माणसं पायजेत.”

“तू मला बघायला शिकवू नको,” ज्योतीराम म्हणाला. “माझं आयुष्य बघण्यातच गेलंय.”

चाकणला चार जणांच्या खोलीत एक कॉट घेऊन तो महिनाभर राहिला. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसनं पिंपरीकडे यायचा आणि घरं बघत हिंडायचा. सोबत एक डायरी आणि मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप. प्लांटमध्ये मशीनचा आवाज मोजतात ना, तसाच हा शहाणा वस्तीचा आवाज मोजत होता. तिसरी शिफ्ट करून आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण घर म्हणजे फक्त आपलं अंथरूण, असं मानणाऱ्या माणसानं बायकापोरांसाठी घर शोधू नये.

मोशीत धूळ. रिजेक्ट. काळेवाडीत गणराज नावाच्या एजंटानं तीन घरं दाखवली. तिन्हीकडे खाली कोणीतरी हसत उभं होतं, म्हणून तिन्ही रिजेक्ट. फोनमध्ये माणसांची नावंसुद्धा हा निकालासकट टाकायचा. ‘गणराज एजंट नको’, ‘मोशीवाले फालतू’. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता की आपण एका इन्स्पेक्टरच्या खिशात नापास होऊन पडलो आहोत.

संत तुकाराम नगरात त्याला एक जुनी, तीन मजली इमारत दाखवली. घर हवेशीर होतं, भाडं परवडणारं होतं, आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. पण खाली पोरं क्रिकेट खेळत होती आणि जिन्याच्या पायरीवर मेथी निवडत एक सत्तरीची बाई बसली होती. सुभद्राबाई तिचं नाव. नवरा कंपनीतून रिटायर होऊन वारला होता, मुलगा-सून कामाला जात होते, आणि या पायरीवरून पूर्ण इमारतीचा कारभार बाई बघत होती. ज्योतीरामनं ॲप उघडलं तोच तिनं सुरुवात केली.

“कुठलं तुमी?”

“वाळूज.”

“बायकू काय करती? पोरंबाळं किती हायेत?”

“मुलगी आहे एक. तिसरीत जाईल.”

“आगं बया, मग आमच्या नातीसंगं जाईल की शाळंला. नंबर घ्या माझा. आसू द्या, कामाला येतो.” आणि तिनं एकेक आकडा ठासून सांगितला. लिहून घेतल्याशिवाय ती हलू देईना.

ज्योतीरामच्या कपाळावर आठ्या पडल्या. पाच मिनिटांत बाईनं त्याची अर्धी कुंडली काढली होती. उद्या हिच्या पायरीवरून आपल्या घरात कोण आलं, कोण गेलं, भाजी काय आणली, सगळं जाहीर होणार. ॲपवर आकडा एकाहत्तर. डायरीत त्यानं लाल शाईनं लिहिलं : आवाज, पोरं, भोचक म्हातारी. फोनमध्ये नाव टाकलं : ‘सुभद्राबाई तुकारामनगर रिजेक्ट’.

मग रहाटणीत त्याला स्वर्ग सापडला. अकरा मजली सोसायटी. तिचं नाव इंग्रजी होतं आणि त्याचा अर्थ तिथल्या वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हता. गेटवर नाव, फोन, फोटो दिल्याशिवाय माशीला प्रवेश नाही. आत बाग, बागेत घसरगुंडी, घसरगुंडीला रंग कोरा करकरीत. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. ज्योतीरामनं सहाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उभं राहून ॲप लावलं. बेचाळीस. त्यानं तीनदा मोजलं, तिन्हीदा बेचाळीस.

शंभर फ्लॅट, मे महिना, संध्याकाळचे साडेपाच, आणि पोराचा एक आवाज नाही. घसरगुंडीचा रंगसुद्धा उडालेला नाही. बोल्टावरचा केसाएवढा चरा ज्याला दिसायचा, त्याला एवढी मोठी गोष्ट दिसली नाही. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा, तो असा.

भाडेकरूची मुलाखत चेअरमन धनेश घेत असत. घेत असत म्हणजे ऑफिसात एसी लावून बसत आणि समोरच्याला उभं ठेवत.

“फॅमिली आहे ना? आम्ही बॅचलर देत नाही. ही फॅमिली सोसायटी आहे,” धनेश म्हणाले.

“फॅमिली आहे.”

“मुलं किती?”

“एक मुलगी.”

“पॅसेजमध्ये खेळायचं नाही. लॉनवर पाय ठेवायचा नाही. पार्किंगमध्ये सायकल नाही. बागेची वेळ साडेपाच ते सहा, रविवारी बंद. काही बोलायचं असेल तर ग्रुपवर लिहायचं, कोणाच्या दारात जायचं नाही.”

ज्योतीरामला भरून आलं. इतक्या वर्षांनी त्याला त्याच्याइतकाच नाक मुरडणारा माणूस भेटला होता. त्यानं तिथल्या तिथे होकार दिला आणि दिपालीला फोन करून सांगितलं, “शेजार एक नंबर आहे. कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नाही.”

जूनमध्ये बायको-मुलगी आली. पहिल्या आठवड्यात तनुजानं गॅलरीतून खालच्या एका पोरीला हाक मारली, तर ग्रुपवर तीन जणांनी विचारलं, कोण ओरडतंय. दिपाली शेजारच्या दारात वाटीभर गुळाचे शंकरपाळे घेऊन गेली. शेजारणीनं जाळीच्या दारातूनच, आमच्याकडे गोड खात नाहीत, असं सांगितलं. दिपाली वाटी घेऊन परत आली आणि ज्योतीरामला म्हणाली, “हा शेजार बघितला व्हय तुमी?” तो म्हणाला, सवय होईल.

ऑगस्टमध्ये तिसरी शिफ्ट करून तो झोपला असताना बाहेर कोणाचं तरी पोर पॅसेजमध्ये चेंडू आपटत होतं. हा उठला. दार उघडून, बाळा, जरा खाली जा, असं सांगायला तोंड लागतं. यानं दाराच्या फटीतून पोराचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : ‘कॉमन पॅसेज ही मुलांनी वापरण्याची जागा नाही. पालकांनी नोंद घ्यावी.’ अकरा अंगठे आले. धनेशनी तर, हे नियमाने राहणारे सदस्य, असं लिहिलं. ते वाक्य ज्योतीरामनं दिपालीला दोनदा वाचून दाखवलं. ते पोर पुन्हा त्या मजल्यावर दिसलं नाही.

तनुजा हळूहळू शांत झाली. शाळेतून यायची, खिडकीत बसायची, काही हवं असेल तर उठून आईजवळ येऊन सांगायची. ज्योतीराम म्हणायचा, पोरीला वळण लागलं.

जानेवारीत त्याची दुसरी शिफ्ट चालू होती. त्या दिवशी दिपाली चाकणला चुलतबहिणीचं बाळ बघायला गेली होती. दुपारी दोनलाच ती परत निघाली, पण चाकणच्या चौकात ट्रेलर आडवा झाला आणि रस्ता तुंबला. रात्री आठपर्यंत बस जागची हलली नाही. फोनची बॅटरी संपली. इकडे साडेपाचला शाळेच्या व्हॅननं तनुजाला गेटवर सोडलं. ती सहाव्या मजल्यावर आली, तर दाराला कुलूप.

प्लांटमध्ये लाइनवर मोबाइल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेसातला जेवणाच्या पाऊण तासाच्या सुट्टीत ज्योतीरामनं फोन हातात घेतला, ताट घेऊन बाकावर बसला आणि सोसायटीचा ग्रुप उघडला. सहा वाजून दहा मिनिटांनी आलेला एक फोटो होता. बंद दार, दारासमोर चपलांचं रॅक, आणि रॅकला टेकून फरशीवर बसलेली शाळेच्या गणवेशातली पोर. दप्तर मांडीवर घेतलेलं. खाली धनेशनी लिहिलं होतं : ‘फ्लॅट ६०४. कॉमन पॅसेज ही मुलांनी वापरण्याची जागा नाही. पालकांनी नोंद घ्यावी.’

त्याचंच वाक्य होतं, शब्द न शब्द तेच. खाली चौदा अंगठे होते. फोटो काढणारा तिच्यापासून सहा फुटांवर उभा होता. त्यानं तिला विचारलं नव्हतं, तुझी आई कुठे आहे. चौदातल्या एकानंही विचारलं नव्हतं.

दिपालीचा फोन लागेना. कंपनीची बस शिफ्ट सुटल्याशिवाय हलणार नव्हती, आणि तुंबलेल्या रस्त्यानं रिक्षाही पोचली नसती. वॉचमनला फोन केला तर तो म्हणाला, “साहेब, गेट सोडून वर जायची परवानगी नाही.” मग ज्योतीरामनं शेजाऱ्याचा नंबर शोधला आणि त्याच्या ध्यानात आलं की तो आपल्याकडे नाहीच. सात महिन्यांत त्या इमारतीतल्या एकाही माणसाचं नाव त्यानं फोनमध्ये टाकलेलं नव्हतं. ग्रुपवर नुसते नंबर होते, त्यातला शेजारचा कुठला ते त्याला ठाऊक नव्हतं. फोनमध्ये होते ते सगळे नापास झालेले. नावं वर सरकवता सरकवता बोट एका नावावर थांबलं.

“कोण?” पलीकडून खणखणीत आवाज आला.

“मी... मे महिन्यात घर बघायला आलो होतो. वाळूजचा.”

“आगं बया. तिसरीतल्या पोरीचे वडील न्हवं?”

तो पुढे काय बोलला ते त्यालाही धड आठवत नाही. सुभद्राबाईनं पत्ता विचारला, पोरीचं नाव विचारलं, आणि फोन ठेवताना त्याला एवढंच म्हणाली, “जेवून घ्या तुमी. मी निगाले.” आपलं घर का घेतलं नाही, हे तिनं विचारलं नाही. भोचक म्हातारीनं नेमका तोच प्रश्न गिळला.

पंचवीस मिनिटांनी गेटवरून परवानगीची विचारणा आली : सुभद्राबाई, पाहुणी, ६०४. सुट्टी संपत आली होती. त्यानं हो दाबलं. पाचच मिनिटांत ग्रुपवर दुसरा फोटो पडला : ‘६०४ यांनी बाहेरील व्यक्तीस पॅसेजमध्ये बसवले आहे.’ फोटोत म्हातारी फरशीवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात डबा उघडा होता, आणि तनुजा तिच्या गुडघ्याला चिकटून भाकरी खात होती.

तेवढ्यात बाईचा फोन आला.

“पोर बरी हाय. जेवतीया. तिची आई येस्तवर मी हाय इथं. पन एक इच्यारू का?”

“विचारा.”

“पोर एवढं हळू का बोलती ओ? मला कान लावावा लागतोय. मी जरा मोठ्यानं बोलले, तर माझ्या तोंडावर हात ठेवती अन् म्हनती, आजी, इथं बोलत न्हाईत. घशाचं काय दुखनं हाय का तिला?”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. माणसं उठून लाइनकडे निघाली आणि लॉकरवाला फोन मागायला त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“साहेब?” पलीकडून बाई विचारत होती. “पयल्यापासूनच अशी हाय का पोर?”

“न्हाई,” ज्योतीराम म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं, आणि चारशे माणसांच्या त्या कँटीनमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं.