मोर्चेवाली सिस्टर

सगळं हॉस्पिटल तिला मोर्चेवाली सिस्टर म्हणायचं. तोंडावर नाही हो, पाठीमागे. जुलाबाची पोरं वॉर्डात एकाच वस्तीतून येतात हे तिच्या लक्षात आलं, मग बाई गप्प बसतेय कसली! सलाइन लावून पोरं घरी धाडायची आणि पुन्हा तीच पोरं भरती करून घ्यायची, याला नर्सिंग म्हणत नाहीत, असं तिने मोठ्या डॉक्टरांनाच सुनावलं. वस्तीच्या घरमालकाने पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून नेला होता. तिने पालिकेच्या साहेबांना इतकं भंडावून सोडलं की शेवटी त्यांनी वस्तीत सभा बोलावली.

सभेत मालक पुढेच बसलेला, तेव्हा बोलणार कोण? जिचं पोर सारखं वॉर्डात यायचं, ती धुणीभांडी करणारी बाई मागे भिंतीला टेकून बसली होती. आता इंजेक्शन देताना सिस्टर लोक काय करतात? दंड धरतात, "काही होत नाही, मी आहे ना" म्हणतात, आणि पेशंटने हो-नाही करायच्या आत सुई टोचून मोकळ्या होतात. अंगवळणीच पडलेलं असतं ते. सिस्टरने बाईचा दंड धरला, तेच म्हणाली, आणि बाई उठून सगळं बोलून गेली. टाळ्या पडल्या.

पाइप बदलला. वॉर्डातली गर्दी ओसरली, सिस्टरचा सत्कारही झाला. हार गळ्यात असतानाच वॉर्डातल्या मावशींनी कानात सांगितलं, की मालकाने त्या बाईचं बिऱ्हाड केव्हाच रस्त्यावर काढलंय.

टाळ्या आपण घेतल्या आणि घर तिचं गेलं, हे सिस्टरच्या मनाला खात राहिलं. रजा टाकून तिने शोध घेतला. बाई बहिणीकडे, जिन्याखालच्या जागेत पोराला घेऊन राहत होती. सिस्टरने आल्या आल्या हात जोडले, चुकले म्हणाली, आणि वकील गाठते, मालकाला कोर्टात खेचते, असं बरंच काही बोलून गेली.

बाईने ऐकून घेतलं. पोराला थोपटत म्हणाली, "ताई, आधी विचारलं असतंत, तर सामानाची, राहण्याची सोय बघून मी उभी राहिले असते. राहिलेच असते. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

मग सिस्टरने विचारलं, वकील बघू का?

बाई नको म्हणाली. ते नको ऐकून सिस्टरला परत यावं लागलं.