पवनचक्कीवरची गाळणी

क्लेम हॅगर्टीच्या शेतावर एकही फाटक धड बिजागरीवर उभं नव्हतं. सगळी तारेनं बांधलेली. ट्रकचा आरसा तारेनं, कुत्र्याच्या खोपटाचं छप्पर तारेनं, आणि एकदा भाचीच्या लग्नाला उशीर होत होता म्हणून पँटसुद्धा तारेनं. कुणी हसलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "चालतंय." सत्तर वर्षं त्यानं या एका शब्दावर काढली होती. न्यू साउथ वेल्सच्या त्या सपाट, कोरड्या मुलखात अशी माणसं मैलामैलाला सापडतात, म्हणून कुणाला त्याचं विशेष वाटत नसे.

मग ब्रॉन्विन घरी आली. एकुलती एक लेक, आठ वर्षं सिडनीत पुलांचे नकाशे काढत होती. नवऱ्याशी फाटलं, काम घरून करता येत होतं, म्हणून दोन बॅगा आणि लॅपटॉप घेऊन आली. आईवडिलांच्या घरात ती तीन दिवस टिकली. तिच्या आईला, जॉइसला, दिवसभर रेडिओ लावायचा असतो आणि त्यातल्या माणसांशी भांडायचंही असतं. चौथ्या दिवशी ब्रॉननं आपला पसारा कातरणीवाल्यांच्या खोल्यांत हलवला. वर्षातले दोन आठवडे तिथे मेंढ्या कातरणारे राहतात, एरवी पाली. खोल्या घरापासून दीड किलोमीटरवर, मध्ये एक उंचवटा, आणि नेटची छत्री घराच्या छपरावर.

"डॅड, महिनाअखेरपर्यंत इथे नेट आलं नाही, तर मला परत जावं लागेल."

"येईल," क्लेम म्हणाला आणि टोपी चढवून बाहेर पडला. लेकीनं राहावं म्हणून त्याचा जीव किती तुटत होता, ते त्यानं सांगितलं नाही. त्या मुलखात असलं बोलायची रीत नाही. फार तर समोरच्याचं कुंपण दुरुस्त करून देतात.

नेटच्या कंपनीचा माणूस आला, त्यानं खांबाचा खर्च सांगितला. क्लेमनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग तो शेडमध्ये शिरला. जुना राउटर, विजेच्या कुंपणाचं सोलर पॅनेल, ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी आणि मायलो या चॉकलेट पेयाच्या पावडरीचा रिकामा हिरवा डबा. डब्यानं घराकडचं नेट पकडायचं आणि जाळीच्या मोठ्या गाळणीनं ते पुढे खोल्यांकडे फेकायचं, असा बेत.

"माझी गाळणी कुठाय?" जॉइसनं विचारलं.

"कामाला लागलीय."

"मग तूही लाग की कधीतरी!"

पहिला खांब त्यानं मेंढ्यांच्या कुरणात रोवला. नेट आलं, पण रोज दुपारी दोनला जायचं. ब्रॉननं चार दिवस कंपनीला फोन केले. पाचव्या दिवशी कळलं, की जेवण झाल्यावर म्हातारा एडका त्या खांबाला पाठ घासतो. मग सगळं लटांबर उंचवट्यावरच्या पवनचक्कीवर चढलं. पण तिथे नवीनच दुखणं निघालं. गाळणी बोटभर हलली, की नेट गायब. क्लेमनं तारेचा एक वेढा मारला आणि म्हणाला, "चालतंय." ते चाललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा शब्द पडला. तीन दिवस तो शिडीवर आणि ब्रॉन खाली वॉकीटॉकीवर, "डावीकडे, डॅड. अरे, तुझं डावं नाही, माझं!" शेवटी सापडलेल्या जागी त्यानं मेंढ्यांवर खुणा करायच्या निळ्या रंगाची रेघ मारली. लेक राहिली. रविवारी ती घरी जेवायला यायची आणि आईशी मनापासून भांडायची. असे सात महिने गेले. क्लेम शीळ घालत हिंडायचा.

एका बुधवारी ती म्हणाली, "उद्या दहाला माझी मुलाखत आहे. पर्थची मोठी कंपनी आहे, घेतलं तर तिकडेच जाऊन राहावं लागेल. नेटवरच घेणार आहेत. आईला म्हणावं, तेवढा तास नेटवर काही बघू नकोस."

पर्थ म्हणजे देशाचं दुसरं टोक. क्लेमनं बटाट्यावर मीठ टाकलं, मग पुन्हा टाकलं. "चालतंय," म्हणाला.

गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांनी तो पवनचक्कीखाली पाण्याचा हौद बघत होता. म्हणजे हौद बघायचं निमित्त होतं. वर चार-पाच गुलाबी काकाकुवे गाळणीवर बसून झोके घेत होते. तार सैल झाली आणि गाळणी चांगली दोन बोटं फिरली. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली.

"डॅड! चित्र गोठलं! ते लोक थांबलेत. गाळणी हललीय का?"

क्लेम वर बघत उभा राहिला. निळी रेघ त्याला खालूनही दिसत होती. काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. काकाकुव्यांवर कुणी खटला भरला नसता.

"डॅड, ऐकतोयस ना?"

त्यानं काकाकुव्यांना अशी एक शिवी हासडली, की ते उडालेच. मग दुखऱ्या कमरेनं तो एकेक पायरी चढला आणि गाळणी रेघेवर आणली.

"आता?"

"आलं! पण जरा तुटतंय. चालेल एवढं."

"चालेल नको," क्लेम म्हणाला. "नीट सांग."

"केसभर डावीकडे. तुझ्या डावीकडे. बस! एकदम बरोबर!"

त्यानं तारेचे सहा वेढे मारून पकडीनं पीळ दिला आणि मुलाखत संपेपर्यंत काकाकुवे हाकलत वरच बसून राहिला.

तीन आठवड्यांनी ब्रॉन पर्थला गेली. जॉइसनं बजावलं, की आता माझी गाळणी उतरव. ती काही उतरली नाही, शेवटी तिनं नवी आणली.

दर रविवारी लेकीचा फोन येतो, चेहरा दिसणारा. त्या वेळेला क्लेम फोन घेऊन दीड किलोमीटर चालत जातो आणि कातरणीवाल्यांच्या रिकाम्या खोलीत, तिच्या खुर्चीवर बसून बोलतो.

"अरे, छत्री आपल्या डोक्यावर आहे!" जॉइस ओरडते. "तिकडे कशाला तंगडतोड?"

"तिकडे नेट चांगलं येतं," क्लेम म्हणतो.