बोटीच्या पोटात बसलेला तांडेल

कल्पना करा, तुम्हाला बोटीतल्या मासळीच्या खणात उतरवलंय. वरून झाकण बंद. आत काळोख, ओलावा आणि मासळीचा जुना वास. बोटीच्या कुशीला एक भोक आहे, त्यातून लांब वल्हं बाहेर गेलंय, आणि त्याचं दांडकं तुमच्या हातात आहे. बाहेर समुद्र आहे, पण तो दिसत नाही. तुम्ही ओढत राहायचं. समुद्राचं पाणी उलटं फिरलं, की आतून ओरडून सांगायचं. काम एवढंच.

हे काम ग्वाक दू-शिक तांडेलाने गेल्या शरदात आपणहून अंगावर घेतलं. त्याने सत्तरी ओलांडली आहे, कंबर धरलेली आहे, आणि पाण्यावरून नजर न हलवता जेवायची त्याला सवय आहे. मी याच धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. कुशीला भोक पाडायला तो माझ्याकडे आला, तेव्हा मला वाटलं त्याला पाणी उपसायचा पंप बसवायचाय.

"पंप नको," तो म्हणाला. "वल्हं जाईल एवढं पाड."

"काका, बोटीला भोक पाडत नाहीत."

"हिवाळ्यात सरकार भरपाई देऊन हिला मोडायलाच नेणार आहे. मोडायची सुरुवात तू कर."

त्याला भोक का हवं होतं ते सांगायचं, तर उल्दोल्मोकपासून सुरुवात करावी लागते. जिंदो बेट आणि कोरियाची मुख्य भूमी यांच्यामधला हा समुद्राचा गळा. पाणी इथून ओरडत जातं. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी आमच्या तेरा जहाजांनी इथे जपानच्या शंभरावर जहाजांना मागे लोटलं. आधी पाणी शत्रूच्या बाजूने वाहत होतं. मग ते फिरलं, पाण्याबरोबर लढाई फिरली आणि लढाईबरोबर युद्ध. हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. सुरुवातीला सेनापती यी यांचं जहाज एकटंच पुढे होतं आणि बाकीची बारा मागे रेंगाळली होती, हेही सगळ्यांना येतं. ते जरा हळू आवाजात सांगतात.

गावात प्रत्येक घराचा एक पूर्वज त्या लढाईत असतो. प्यो चांग-ग्युन तांडेलाच्या पूर्वजाने शत्रूचं डोकं उडवलेलं आहे. ग्वाकचा पूर्वज मागे राहिलेल्या बारांपैकी एका जहाजावर, खालच्या मजल्यावर, वल्ह्याला होता. ग्वाकची आई सांगायची, की घरी आल्यावर लोकांनी त्याला लढाई कशी झाली विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय माहीत, मी खाली होतो." मरेपर्यंत त्याने दुसरं काही सांगितलं नाही.

मासळीच्या लिलावात प्यो हे दरवर्षी उकरून काढतो.

"दू-शिक, तुमच्या माणसाला लढाई संपल्याचं रात्री जेवताना कळलं म्हणे."

"आणि तुमच्याने कापलेलं डोकं दरवर्षी मोठं होतंय. मी लहान होतो तेव्हा ते साध्या शिपायाचं होतं. आता सरदाराचं झालंय."

"डोकं तरी आहे. तुमच्याकडे काय आहे?"

लोक हसतात, ग्वाकही हसतो. पण त्या उत्तराचा गावाने लावलेला अर्थ त्याला ठाऊक आहे: तो माणूस खाली दडून बसला आणि नंतर त्याने बहाणा सांगितला. ग्वाकला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की खाली बसलेल्या माणसाला खरंच काही कळत नाही का. कळत असेल, तर पूर्वज खोटं बोलला.

शरदात आमच्याकडे या लढाईचा देखावा होतो. आमच्याच बोटी, अंगावर भाड्याची चिलखतं, बंदुकीऐवजी फटाके. ग्वाकची बोट काळी, म्हणून तो कायम शत्रूत. ही तिची अखेरची फेरी, हे समजल्यावर आयोजकांनी त्याला या वेळी तेरांत घेतलं. त्याने बायकोला, बोक-र्येकाकूंना, सांगून ठेवलं होतं, की पाणी अंगावर येत असताना मी वल्ह्यावर बसणार, सुकाणू तू धर. पाणी कधी फिरतं ते मला हाताला कळायला हवं.

देखाव्याची वेळ भरती-ओहोटी बघूनच ठरवलेली होती. पण त्याआधी पाहुण्यांची भाषणं होती. एक संपलं की दुसरे उठत होते. आम्ही बोटींवर चिलखतात घामाघूम होऊन बसलो होतो.

"भाषणांना भरतीच असते," काकू म्हणाल्या. "ओहोटी नसते."

नगारा वाजला तेव्हा पाणी फिरून गेलेलं होतं. शत्रूच्या बोटी प्रवाहाबरोबर चाल करून यायच्या, त्या इंजिन फुटेस्तोवर ताणूनही जागच्या जागी होत्या, आणि आम्ही न लढताच वाहत जाऊन त्यांच्यावर आदळलो. काठावरून टाळ्या पडल्या. प्योने शेजारच्या बोटीतून माक्गोलीची, तांदळाच्या दारूची, बाटली उंच केली.

"जिंकलास की रे. आता तरी हस."

"आपण यायच्या आधीच पाणी जिंकलं होतं," ग्वाक म्हणाला, आणि त्याने शिरस्त्राण काढून ठेवलं.

संध्याकाळी तो भोकासाठी माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. गळ्याच्या जरा बाहेर, पाणी शहाण्यासारखं वागतं तिथे नांगर टाकला. जिंदोला जोडणारा पूल समोर होता आणि पाणी पुलाकडून येत होतं. ग्वाक खणात उतरायला लागला.

"कंबर अडकली तर मी ओढणार नाही," काकू म्हणाल्या.

"तू ओढूही नकोस. मिस्त्री ओढेल."

झाकण लावलं. काकू त्यावरच बसल्या आणि उकडलेली रताळी सोलायला लागल्या. खालून वल्ह्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी झाकणावर टकटक केली.

"जिवंत आहात ना?"

"बोलू नकोस. मोजदाद चुकते."

"कसली मोजदाद? वल्हं ओढताय की तांदूळ मापताय?"

मग पाणी संथ झालं. उल्दोल्मोकला ते फार वेळ संथ राहत नाही. लगेच दुसऱ्या बाजूने ओढ लागली, बोट नांगराभोवती हळूहळू वळली आणि पूल आमच्या मागे गेला. मी काकूंना खूण केली, बोलू नका. त्यांनी रताळ्याचा घास तोंडात तसाच धरला. खाली वल्हं चालूच होतं.

"अजून समोरूनच येतंय," ग्वाक आतून म्हणाला. "काय नेट आहे आज."

काकूंनी घास गिळला.

"मिस्त्री, किती उशीर लावतंय रे?"

काकूंना राहवलं नाही. "अहो, पूल मागे गेला."

"कुठला पूल?"

"सकाळी समोर होता तो."

वल्हं थांबलं. मी झाकण उघडलं. तो बाहेर आला, त्याने पुलाकडे पाहिलं, मग नांगराच्या दोराकडे. नांगरावरची बोट पाणी येईल तिकडे नाक करते, हे त्याला माझ्याआधी चाळीस वर्षं माहीत आहे. पण ते त्याने नेहमी वरून पाहिलेलं होतं. आत बसलेल्याला पाणी फिरण्याआधीही समोरूनच येतं, आणि फिरल्यावरही.

"मधे हलकं लागलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, माझेच हात मोकळे झाले. बरं वाटलं जरा."

मी त्याला खरं ते सांगितलं. लढाईच्या दिवशी जहाजांनी वल्ह्यांच्या जोरावर नाक शत्रूकडे धरून ठेवलं असणार, ती अशी वळली नसतील. म्हणजे आमचा प्रयोग त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

"तरी हलकं आमच्या त्या खालच्या माणसालाही लागलं असेल ना?"

"लागलं असेल."

"आणि त्यालाही हातच मोकळे झाल्यासारखं वाटलं असेल."

"असेल. पण सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, म्हणजे खोटंही ठरत नाही," काकू म्हणाल्या. "उद्या लिलावात प्योला ऐकवा." आणि त्यांनी नवऱ्याच्या हातात रताळं ठेवलं. ग्वाकचे तळवे सोललेले होते.

प्योला त्याने काही ऐकवलं नाही. हिवाळ्यात बोट गेली. आता तो वसंतात खडकावर उभा राहून लांब दांड्याच्या जाळ्याने मुलेट मासे उचलतो, आणि लढाईची जागा बघायला आलेलं कुणी त्याच्याशी बोलायला थांबलं, की त्यांना एकच गोष्ट विचारतो. इतिहास शिकवणाऱ्या दोघा-तिघांनी तो प्रश्न वहीत उतरवून नेला. मलाही त्याने परवा पुन्हा विचारलं.

"मी तर ओढतच राहिलो असतो रे. मला बायकोने सांगितलं. पण लढाईच्या दिवशी पाणी फिरल्यावर, वरच्यांपैकी कुणी खाली वाकून त्या माणसांना सांगितलं असेल का?"